गाव तेव्हा कुणाचं होतं? सांगली-साताऱ्यात जुना कागद शोधण्याची रीत

जात पडताळणीला पणजोबांची नोंद लागते. वाटणीच्या दाव्यात वकील जुना सर्व्हे नंबर मागतो. कुणाला यात्रेच्या स्मरणिकेत गावचा इतिहास छापायचा असतो. निमित्त कुठलंही असो, माणूस सकाळची एसटी धरून तहसील कचेरीत जातो आणि म्हणतो, "आमच्या गावचं एकोणीसशे पंचवीस सालचं रेकॉर्ड पाहिजे." कारकून चष्म्यावरून बघत विचारतो, "गाव खालसातलं का संस्थानातलं?" म्हणजे थेट इंग्रजांच्या अमलाखालचं का एखाद्या राजाच्या. याचं उत्तर पिशवीत नसतं. मग दुपारच्या गाडीनं परत.

मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागले, मिरज, कवठे महांकाळ आणि जत या तालुक्यांत फिरले आणि मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाले. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आमच्याकडे अजून लोक दारात येऊन "तलाठीबाई आहेत का?" असंच विचारतात. त्या सगळ्यांना मी आधी एकच काम सांगते: ज्या सालचा कागद हवा, त्या साली तुमच्या गावाचा धनी कोण होता ते ठरवा. कागद कुठे, कुठल्या लिपीत, कुठल्या सनात आणि कुठल्या नावाखाली असेल, हे सगळं त्यावरून लागत जातं.

जिल्ह्याचं वय

सांगली जिल्हा 1 ऑगस्ट 1949 रोजी झाला, आणि तेव्हा त्याचं नाव सांगली नव्हतंच. जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. 21 नोव्हेंबर 1960 ला दक्षिण साताऱ्याचं सांगली झालं, आणि उत्तर सातारा नुसता सातारा राहिला. म्हणजे मधली अकरा वर्षं कागदावर 'जि. द. सातारा' आणि 'जि. उ. सातारा' असंच येणार.

हे माहीत नसल्यानं लोक चांगला कागद बिघडवून घेतात. आमच्या भावकीतला एक पोरगा आजोबांचा शाळेचा दाखला घेऊन आला. जन्म तासगाव तालुक्यातला, 1953 चा, आणि जिल्ह्यापुढे 'द. सातारा'. म्हणाला, "आत्या, मास्तरांनी जिल्हा चुकवलाय, दुरुस्तीचा अर्ज टाकू का?" म्हटलं, हात लावू नकोस. तेच दोन शब्द तो दाखला त्या काळातला असल्याचा पुरावा आहेत. त्या सालच्या कागदावर कुणी 'जि. सांगली' लिहून आणलं तर उलट मला शंका येईल.

तालुक्यांचंही तेच. साताऱ्यात आज अकरा तालुके आहेत: सातारा, वाई, जावळी, महाबळेश्वर, खंडाळा, फलटण, माण, खटाव, कोरेगाव, कराड, पाटण. सांगलीत दहा: मिरज, तासगाव, पलूस, कवठे महांकाळ, जत, खानापूर, कडेगाव, आटपाडी, वाळवा, शिराळा. यातले सगळे सारख्या वयाचे नाहीत. इंग्रजी अमदानीत खंडाळा हा वाईचा पेटा, म्हणजे पोटतालुका होता, शिराळा वाळव्याचा, आणि महाबळेश्वर 'माल्कमपेठ' या नावानं जावळीत मोडायचं. आटपाडी आणि कवठे महांकाळ हे तालुके 1965 चे. पलूस 1999 चा, त्यात मुख्यतः तासगावची गावं आली. कडेगाव त्यानंतरचा, तो खानापुरातून निघाला. त्यामुळे कडेगावच्या माणसाचा जुना कागद 'ता. खानापूर' असाच सापडेल. आणि खानापूर म्हटलं तरी कचेरी विट्याला.

हीसुद्धा इकडची एक गंमत. तालुका एका गावाच्या नावाचा आणि कचेरी भलत्याच गावात: खटावची वडूजला, माणची दहिवडीला, जावळीची मेढ्याला, वाळव्याची इस्लामपूरला. त्या इस्लामपूरचंही नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय 2025 मध्ये झाला, म्हणजे पुढच्या पिढीला आणखी एक जोड लक्षात ठेवणं आलं.

सरावासाठी एक सर्वांना ठाऊक असलेलं नाव घ्या. यशवंतराव चव्हाण 12 मार्च 1913 रोजी देवराष्ट्रे इथे जन्मले. तेव्हाचा पत्ता: ता. खानापूर, जि. सातारा. 1949 नंतर: ता. खानापूर, जि. दक्षिण सातारा. 1960 च्या नोव्हेंबरनंतर: ता. खानापूर, जि. सांगली. आज: ता. कडेगाव, जि. सांगली. गाव हललं नाही, घर हललं नाही, पत्ते चार झाले. आपल्या गावाची अशीच चार ओळींची पट्टी वहीत लिहून काढा. देवराष्ट्रे खालसातलं, म्हणून त्याची पट्टी एवढी सोपी. संस्थानी गावाला खरी मेहनत लागते.

खालसा आणि संस्थान

1819 च्या तहानं इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्याचं राज्य दिलं. दक्षिणेला वारणा, उत्तरेला नीरा, पश्चिमेला सह्याद्री, आणि पूर्वेकडे पार पंढरपूर-विजापूरपर्यंत. 1839 मध्ये प्रतापसिंहांना गादीवरून काढलं, भाऊ शहाजीराजे बसले, ते 1848 मध्ये वारले आणि डलहौसीनं दत्तक न मानता राज्य खालसा केलं. त्याच सुमारास तासगावची पटवर्धनांची पाती, म्हणजे घराण्याची तिथली शाखाही खालसा झाली. तेव्हा कऱ्हाड, वाळवा, तासगाव, खटाव, कोरेगाव इकडच्या गावाचा कागद 1848 नंतर इंग्रजी पद्धतीनं, सर्व्हे नंबरनं, जिल्हा साताऱ्याखाली मिळतो. त्याआधीचा मोडीत, आणि तो पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दप्तर आणि साताऱ्याच्या दप्तरात शोधायचा.

पण साताऱ्याच्या छत्रपतींखालचे जहागीरदार होते, त्यांचं खालसा झालं नाही. औंधचे पंतप्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे. ते इंग्रजांच्या देखरेखीखाली शंभर वर्षं संस्थानिक म्हणून नांदले. जतला लागून डफळापूरची वेगळी जहागीर होती, ती 1917 मध्ये जतमध्ये मिळाली. म्हणून डफळापूरकडच्या लोकांना त्या सालाआधी आणि नंतर अशी दोन नावं धरावी लागतात.

दक्षिणेला पटवर्धन. 1801 च्या सुमारास चिंतामणराव मिरजेहून वेगळे होऊन सांगलीला आले, आणि मिरजेच्या पुढे 1820 मध्ये दोन पात्या झाल्या. थोरली पाती मिरजेत. धाकटी, म्हणजे मिरजमळा, बुधगावला. आज सांगलीहून मिरजेला सिटी बसनं जाताना मध्ये कुठे सीमा लागते का? जेमतेम दहा किलोमीटर. पण 1948 पर्यंत ही दोन वेगळी संस्थानं होती, आणि सांगलीच्या उत्तरेला हाकेच्या अंतरावर बुधगावात तिसरं. तिन्हींची दप्तरं वेगळी, तिन्हींची नोंदीची पद्धत वेगळी. मिरज तालुक्यातलं गाव म्हणजे मिरज संस्थानातलंच, हा समज म्हणून सोडून द्या.

आणि संस्थान म्हणजे एका जागी गोळा असलेला मुलूख, हाही. पेशव्यांनी सरंजाम दिला तो फौजेच्या खर्चासाठी. अमुक इतका वसूल बसला पाहिजे, मग गावं कुठली का असेनात. त्यामुळे सांगली संस्थानाचे तालुके होते मिरजप्रांत, कुची, मंगळवेढा, तेरदाळ, शहापूर आणि शिरहट्टी. कुची आज कवठे महांकाळ तालुक्यात, मंगळवेढा सोलापूर जिल्ह्यात, आणि उरलेले तिन्ही कर्नाटकात. मिरज थोरल्या पातीचं लक्ष्मेश्वर गदगकडे, मोडनिंब सोलापूरकडे. औंधची गादी खटाव तालुक्याच्या पोटात, पण तिचं आटपाडी वेगळं, कुंडल वेगळं आणि गुणदाळ तर विजापुराकडे. ठिगळांची गोधडी पसरावी तसा हा नकाशा होता.

या ठिगळांचा लोकांनी उपयोगही करून घेतला. 1910 मध्ये किर्लोस्करांनी कारखान्यासाठी कुंडलजवळचा माळ घेतला तो औंधच्या हद्दीतला, राजाच्या आधारानं. पुढे बेचाळीसच्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा मोठा आधार कुंडल होता. भोवती इंग्रजांचा खालसा मुलूख, आणि मध्ये पंतप्रतिनिधींच्या राज्यातलं हे गाव. औंधच्या राजानं तर 1939 मध्येच प्रजेला राज्यघटना देऊन गावपंचायतींच्या हाती कारभार सोपवला होता. तिथे इंग्रज फौजदाराला हद्द ओलांडून येताना दहा वेळा विचार करावा लागायचा. या भागातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांनी जुने कागद काढताना गुन्हा कुठल्या हद्दीत नोंदला गेला तेही बघावं. शेणोलीजवळची रेल्वेगाडी 7 जून 1943 ला लुटली ती इंग्रजी हद्दीत, आणि माणसं राहायची संस्थानात, असं सर्रास होतं.

8 मार्च 1948 ला दक्षिणेतली ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. संस्थानी गावाच्या कागदाचे दोन ढीग होतात ते इथे.

आटपाडी भागातल्या गावाची पट्टी मग अशी होईल: 1848 पर्यंत साताऱ्याच्या छत्रपतींखालची जहागीर. 1848 ते 1948 औंध संस्थान. मग मुंबई प्रांत. 1949 पासून दक्षिण सातारा, 1960 पासून सांगली, 1965 पासून तालुका आटपाडी. ही पट्टी हाताशी असली की कारकुनाच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर देता येतं, आणि मग तोही खुर्ची पुढे ओढतो.

गावाचं नाव नीट लिहा

एकदा एक गृहस्थ कवठ्याचा उतारा घेऊन आले आणि म्हणाले, यात आमचं कुणीच नाही. कसं असणार? कवठे महांकाळ वेगळं, तासगावचं कवठे एकंद वेगळं, मिरजेचं कवठे पिरान वेगळं, आणि वाई तालुक्यात नुसतं कवठे आहे ते चौथं. मिरजेजवळ कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज शेजारी शेजारी आहेत. बुद्रुक-खुर्दच्या जोड्या तर विचारूच नका. जुन्या दप्तरात या जोडीला 'तर्फ', 'कर्यात', 'परगणा', 'प्रांत' असे शब्द येतात. ते गाळू नका, जसेच्या तसे उतरवून घ्या. एकाच नावाच्या दोन गावांतून आपलं गाव वेगळं काढायची खूण तीच असते.

नाव पक्कं करायला जनगणनेची जिल्हा हस्तपुस्तिका उत्तम. तिच्यात प्रत्येक महसुली गावाला क्रमांक असतो, क्षेत्रफळ असतं. 1951 ची गणना उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा अशी झाली, 1961 ची सातारा आणि सांगली अशी. दोन्ही शेजारी ठेवल्या की गाव कुठून कुठे गेलं ते कळतं. इंग्रजी काळासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा एकोणिसावा खंड, 1885 चा, साताऱ्यावर आहे. राज्याच्या दर्शनिका विभागानं जुने-नवे गॅझेटिअर संगणकावर वाचायला खुले केलेत. फक्त गॅझेटिअरमधला इतिहास स्मरणिकेत जसाच्या तसा उचलू नका. इंग्रज अधिकाऱ्याला गावाचा वसूल किती हे नेमकं माहीत असायचं. गावात कोण कुणाशी का भांडलं, हे त्याला जे पाटील सांगेल ते.

डोंगर आणि माळ यांचाही इथे संबंध येतो. महाबळेश्वराला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तिथून पूर्वेला दिवसभराच्या प्रवासावर आटपाडी-जतला पाचशेच्या आगेमागे. पश्चिमेला पाटण-जावळी-शिराळ्यात वाड्या, मुरे, एका ओढ्याच्या दोन अंगांना चार-चार घरं. पूर्वेला माण, आटपाडी, जत इथे गावं लांब लांब आणि शिवार अफाट. दोन्हीकडे घोळ एकच: आज जी वाडी स्वतंत्र महसुली गाव आहे, ती पूर्वी मोठ्या गावाच्या पोटात होती. वाडीच्या नावानं 1930 चं काही मागितलं तर मिळणार नाही. मूळ गाव कुठलं, ते म्हाताऱ्या माणसाला विचारा. ग्रामदेवतेची पालखी आधी कुठल्या गावच्या वेशीवर जाते, यावरूनही चटकन कळतं.

धरणाखाली गेलेल्या गावांचं दुःख निराळं. कोयनेच्या शिवसागरात पाटण-जावळीची गावं गेली, चांदोलीच्या वारणा धरणात शिराळ्याकडची. माणसं वसाहतींत आली, काही पार दुसऱ्या जिल्ह्यांत. नव्या वसाहतीला जुनंच नाव दिलेलं असतं आणि पोरं नव्या तालुक्यात पणजोबा शोधत बसतात. त्यांनी मूळ तालुक्यातच जायचं. गाव पाण्याखाली असलं तरी त्याचं दप्तर तालुक्यात असतं.

आजच्या सातबाऱ्यावरून मागे

कागदाची साखळी नेहमी आजपासून मागे ओढायची. 1880 पासून पुढे यायला जाल तर हरवाल.

आधी महाभूलेखवरून आजचा सातबारा आणि आठ-अ काढा. त्यावर गट नंबर असेल. समजा गट नंबर 412. हा नंबर बहुतेक गावांत 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्यानंतरचा आहे. गावात योजना नक्की केव्हा लागू झाली ते प्रत्येक ठिकाणी वेगळं. पणजोबांच्या काळी तो नव्हताच. मग भूमि अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे एकत्रीकरणाचा उतारा मागा.  त्यात कळेल की 412 हा जुन्या 87 पैकी हिस्सा 2 आणि 88 पैकी हिस्सा 1 मिळून झालाय. आता तुमच्या हातात जुना सर्व्हे नंबर आला, आणि इथून मागचे सगळे कागद त्याच नंबरनं बोलतात: जुने सातबारे, फेरफार, आकारबंद, फाळणी नकाशा आणि सगळ्यात खाली टिपण.

टिपण एकदा तरी डोळ्यांनी बघाच. पिवळ्या पडलेल्या कागदावर एका शेताची हातानं काढलेली आकृती, मधून एक उभी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना मोडीतले आकडे. ती मोजणी साखळी आणि आण्यांत असते. साखळी तेहतीस फुटांची, तिचे आणे सोळा. तेहतीस गुणिले तेहतीस फूट म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठे म्हणजे एकर. एवढं डोक्यात ठेवलं तर मोडी न येणाऱ्यालाही आकृतीवरून आपला बांध ओळखता येतो. विहीर, आंब्याचं झाड, पायवाट हेही कधी कधी काढलेलं असतं. झाड कधीच गेलेलं असतं, पण बांधाच्या भांडणात ते साक्ष देतं.

पण माणसं शोधायची तर टिपणात वेळ घालवू नका. माणसं फेरफारात असतात, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये. खालसा मुलखात हक्कनोंदणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली, तिथपासून मालकी बदलली की एक नोंद. 'मयत खातेदारास वारस मुलगे दोन व विधवा एक' अशा ओळीत अख्खं घराणं सापडतं. काही आखूड शब्द आधीच माहीत असू द्या. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, तेव्हा त्या एका नावामागे तीन भाऊ असू शकतात. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञानाचा, वयात न आलेल्या वारसाचा, पालनकर्ता. त्याच्या नावावरून जमीन त्याची समजू नका. नोंदीच्या शेवटी सर्कलची, म्हणजे मंडल अधिकाऱ्याची सही, तारीख आणि 'मंजूर' हा शेरा आहे का बघा. नामंजूर नोंदीची नक्कल काढून कोर्टात नेणारे लोक मी बघितलेत, आणि समोरचा वकील तीच नक्कल हसत हसत वाचून दाखवतो.

बायका मात्र या कागदांत फार उशिरा दिसतात. आजीचं माहेरचं नाव हवं असेल तर तिच्या बापाच्या मरणानंतरचा वारस फेरफार बघा, आणि तोही तिच्या माहेरच्या गावचा.

इनाम-वतनाच्या जमिनी असतील तर गाव नमुना 3 बघायचा, दुमाला जमिनींची नोंदवही. परगणा आणि कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्यानं गेली, कनिष्ठ गावकामगारांची 1958 च्या, पाटीलकी 1962 च्या. संस्थानी गावांना आणखी वेगळे कायदे लागले, कारण विलीन मुलखातल्या जहागिरी आणि दुमाल्यासाठी 1953 आणि 1955 चे निराळे कायदे होते. सातबाऱ्याच्या 'इतर हक्कात' कुठल्या कायद्याचं नाव आहे, त्यावरूनही गाव संस्थानातलं होतं का ते उलट्या बाजूनं कळतं. तुमच्या पट्टीचा हा चांगला पडताळा.

जातीच्या नोंदीसाठी जमिनीपेक्षा दोन कागद मोलाचे: शाळेचं जनरल रजिस्टर आणि गाव नमुना 14, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. जन्म-मृत्यूची ती वही. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा आणि अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा धरतात. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी ही दप्तरं इतक्या वेळा उघडली गेलीत की कागद बांधून ठेवायच्या काही रुमालांच्या गाठीसुद्धा आता नव्या आहेत. सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवल्या गेल्या. कचेरीत जाण्याआधी तिथे आपलं गाव बघून घ्या, एक खेप वाचेल.

सन आणि लिपी

संस्थानी कागदावर इसवी सन असेलच असं नाही. फसली सन असेल तर त्यात 590 मिळवा, शुहूर सन असेल तर 599, शके असेल तर 78. फसली आणि शुहूर वर्ष मृगाच्या सुमारास बदलतं, म्हणून जानेवारी ते मेच्या कागदाला एक जास्त धरायचा. फसली 1340 म्हणजे 1930-31. पानिपत शुहूर 1161 मध्ये झालं. 599 मिळवले की 1760, आणि लढाई जानेवारीतली म्हणून 1761. गणित बरोबर येतं का ते याच उदाहरणावर तपासा.

मोडी शिकायला भिऊ नका. पुराभिलेख खात्याचे वर्ग असतात, आणि गावचं नाव, आडनाव, आकडे एवढंच ओळखायला फार दिवस लागत नाहीत. पूर्ण कागद वाचायचा तर मोडी वाचकाकडूनच लिप्यंतर करून घ्या, त्याची सही-शिक्का घेऊन. पुराव्याला तेच चालतं. जतच्या पूर्व भागात, उमदी-संखकडे, बोलणं कानडी-मराठी मिसळून. तिथे आडनावाचं लेखन दर पिढीला बदललेलं दिसतं. एकाच घराचं नाव तीन तऱ्हेनं लिहिलेलं सापडलं तर घाबरू नका, तिन्ही नकला घ्या.

अर्ज

अर्जात कहाणी लिहू नका. साधारण असा मजकूर पुरतो:

"मौजे अमुक, ता. आटपाडी, जि. सांगली (8 मार्च 1948 पूर्वी औंध संस्थान, आटपाडी महाल, 1949 ते 1960 जि. दक्षिण सातारा) येथील जुना सर्व्हे नंबर 87 व 88 चे सन 1920 ते 1950 या काळातील फेरफार आणि गाव नमुना 14 यांची साक्षांकित नक्कल मिळावी. नियमाप्रमाणे नक्कल फी भरण्यास तयार आहे."

कंसातली ती ओळ सगळं काम करते. साल 'सर्व जुने रेकॉर्ड' असं मोघम टाकू नका, वीस-तीस वर्षांचा टप्पा द्या. 'पूर्वापार' शब्द तर अजिबात नको; कुणीही पूर्वापार रुमाल सोडत बसणार नाही. जमिनीचे नकाशे, टिपण, फाळणी, एकत्रीकरण यांचा अर्ज भूमि अभिलेखकडे आणि फेरफार, सातबारा, नमुना 14 यांचा तहसीलच्या अभिलेख कक्षाकडे. एकाच अर्जात दोन्ही घातले तर दोन्ही कचेऱ्या एकमेकींकडे बोट दाखवतात. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज हातात ठेवा, पण पहिल्या दिवशी काढू नका. त्या खोलीत एकच माणूस असतो, त्याच्याशी आधी नीट बोला. सकाळी अकराच्या आत जा, सोमवारी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका.

रुमाल सोडला की पानं बोट ओलं करून उलटू नका, फोटो काढायच्या आधी विचारा, आणि तुमची नोंद जिथे आहे त्या पानाच्या आधीचं आणि नंतरचं पानही बघा. एकाच दिवशी सर्कलनं सगळी भावकीच उभी केलेली असते, आणि चुलत्यांच्या नोंदी लागोपाठ सापडतात.

'रेकॉर्ड जीर्ण आहे' किंवा 'उपलब्ध नाही' असं तोंडी सांगितलं तर तेच लेखी मागा, साल आणि नमुन्याच्या क्रमांकासकट. त्या दाखल्याच्या जोरावर पडताळणी समितीपुढे दुसरा पुरावा ठेवता येतो. आणि तुमचं गाव सांगली किंवा मिरज संस्थानाच्या दूरच्या तालुक्यातलं असेल, तेरदाळ, शिरहट्टी, शहापूर, लक्ष्मेश्वर असलं काही, तर 1956 च्या राज्य पुनर्रचनेत तो मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तिकडचा अर्ज तिकडच्या तहसीलदारांकडे करावा लागतो. सोबत कानडी वाचणारा माणूस न्या. जत तालुक्यात तसा सोबती एका चहावर मिळतो.